मूठभर तांदूळ



आज आपण एका मुठीविषयी वाचणार आहोत. मूठ तांदळाची आहे. ती कोणाला द्यायची, कशी द्यायची आणि देणाऱ्याला त्यातून काय मिळते, हा आजचा धडा. धडा थोडा मोठा आहे. एका बैठकीत संपला नाही, तर दोन बैठकींत वाचा. अडेल तो शब्द बोट ठेवून पुन्हा वाचा.

१. रापणीचा दोर

आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर रापण लागते. ती तुम्ही पाहिली असेल. होडीतून जाळे अर्धगोल टाकीत नेतात. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. मग माणसे दोन रांगा करतात आणि दोर ओढू लागतात. पाय वाळूत रुततात. घाम निघतो. जाळे हळूहळू जवळ येते. मासळी लागली असेल, तर तिचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. वाटेने चाललेल्या माणसाने दोराला हात लावला, तरी त्याच्या पिशवीत चार बांगडे पडतात.

त्या रांगेत एखादा म्हातारा असतो. अंगात जोर नाही. त्याच्या ओढण्याने जाळे बोटभरही पुढे येत नसेल. तरी तो दोर धरून उभा असतो. त्याला कोणी "आबा, बाजूक व्हा" असे म्हणत नाही. त्याला चार मासे मिळतात, हे खरे. पण तो तेवढ्यासाठीच येतो, असे मला वाटत नाही. घरी त्याला कोणी काही विचारीत नाही. खाटेवर बसून दिवस जात नाही. दोराला हात लागला, की चार माणसांत त्याची गणना होते.

हा म्हातारा लक्षात ठेवा. धड्याच्या शेवटी आपल्याला त्याच्याकडे यायचे आहे.

२. पावसाळ्यातील चूल

आता पावसाळ्याकडे या. १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा काळ माशांच्या विणीचा. म्हणून बंदी योग्यच आहे. पण नौका बंद झाली की खलाशी घरी बसतो. मासळी विकणाऱ्या बाईची पाटी रिकामी राहते. बर्फ फोडणारा, टोपली वाहणारा, जाळी विणणारा, सगळ्यांचा हात थांबतो. समुद्र खवळलेला असतो, म्हणून रापणही लागत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद होतात. पाहुणे येत नाहीत. चिरेखाणी पाण्याने भरतात. शेतात लावणीचे काम असते, पण ते थोडे दिवस. नारळी पौर्णिमा येईपर्यंत कित्येक घरांत पैशाची तंगी असते.

तुम्ही म्हणाल, "रेशन आहे ना?" आहे. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो मिळते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. हा मोठा आधार आहे. ते धान्य म्हणजे उपकार नव्हे, तो आपला हक्क आहे.

तरीही काही घरे सुटतात. कोणाचे नाव कार्डावर चढलेले नसते.  कष्टाने बोटे झिजलेली असतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. शिवाय तांदूळ मिळाला, तरी डाळ, तेल, मीठ कोठून आणायचे? आजारपण आले, तर हाती असलेले पैसे औषधाला जातात.

भूक लगेच दिसत नाही. आधी पेज पातळ होते. मग डाळ आठवड्यातून एकदाच शिजते. मग आई म्हणते, "माका भूक नाय. तुमी जेवा." तीन दिवस ती असेच म्हणते. चौथ्या दिवशी मुलांनाही कळते. शेजाऱ्याला मात्र कळत नाही, कारण दार उघडे असते आणि चुलीतून धूर निघत असतो.

३. आमच्या गावचा कोठा

२०२० साली करोनाची साथ आली. मार्चच्या अखेरीस सगळे बंद झाले. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावोगाव परत आले. अनेक गावांत त्यांना काही दिवस शाळेत वेगळे राहावे लागले. आमच्या गावातही तसेच झाले. गावातील घरांनी पाळीपाळीने जेवण शिजविले. डबे शाळेच्या फाटकाशी ठेवायचे आणि लांब उभे राहून हाक मारायची, असा तो काळ होता.

मी तेव्हा नोकरीतून निवृत्त झालो होतो. मुख्याध्यापक म्हणून पुष्कळ वर्षे घंटेवर जगलो. निवृत्तीनंतर घंटा राहिली नाही. सकाळी साडेदहा वाजले, की पाय उगाच अंगणात येत आणि परत फिरत. वर्तमानपत्र दोनदा वाचून होई. घरच्या माणसांवर विनाकारण रागावणे होई. हे सांगायला लाज वाटते, पण पुष्कळ निवृत्त माणसांचे असेच होते.

साथीत शाळेच्या फाटकाशी डबे मोजण्याचे काम माझ्याकडे आले. किती डबे आले, किती गेले, ते वहीत लिहायचे. पुन्हा वेळेला किंमत आली.

लोक घरोघर गेले, तेव्हा तांदळाची तीन पोती उरली. ती परत कोणाला द्यायची? बैठकीत एका काकींनी सुचविले, "परत कित्याक? ठेवा थंयच. पावस तोंडार इलो हा." त्या काकींचे नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. त्या साक्षरतेच्या वर्गात उतारवयात लिहायला शिकल्या. त्यांच्या सांगण्यावरून शाळेच्या एका रिकाम्या खोलीत पत्र्याची दोन पिंपे ठेवली. त्यालाच आम्ही धान्याचा कोठा म्हणू लागलो. ज्याला शक्य आहे त्याने आणून टाकावे. ज्याला गरज आहे त्याने घेऊन जावे.

पुढच्या वर्षी, १६ मे २०२१ रोजी, तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. घरांची छपरे उडाली, माड आणि कलमे मोडली, कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा कोठ्याचा फार उपयोग झाला.

४. माझी चूक

आता एक चूक सांगतो. ती माझी आहे.

पहिल्या वाटपाच्या दिवशी मी शाळेच्या पडवीत टेबल मांडले. समोर यादी ठेवली. जन्मभर हजेरी घेतली होती. त्याच सवयीने मी एकेकाचे नाव मोठ्याने पुकारू लागलो. नाव आले, की माणूस पुढे येई, पिशवी घेई आणि सही करी किंवा अंगठा देई. एक उत्साही तरुण मोबाईलवर फोटो काढीत होता. सगळे कसे शिस्तीत झाले, म्हणून मी खूष होतो.

एका खलाशाची बायको आली होती. नाव पुकारल्यावर ती उठली, पिशवी घेतली आणि पदर पुढे ओढून निघून गेली. पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही.

मी काकींना विचारले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमी तिचा नाव सगळ्यांच्या पुढ्यात घेतलास. तिच्या झिलान तो फोटो मोबायलार बघल्यान. आता ती येवची नाय."

मी तिच्या घरी गेलो. काय बोलावे, ते सुचेना. तिने बसायला पाट दिला आणि कोरा चहा केला. चहात साखर नव्हती. मी म्हटले, "बाई, माझे चुकले." ती चुलीकडे बघत म्हणाली, "तांदूळ बरे होते, गुरुजी." एवढेच बोलली.

त्या दिवशी मला कळले, की पोटाची भूक आणि मनाची लाज या दोन्ही एकाच माणसाजवळ असतात. पहिली भागवताना दुसरी उघडी पाडली, तर ते दान नव्हे.

आपल्याच मालवण तालुक्यात मसुरे गावची आंगणेवाडी आहे. भराडी देवीच्या जत्रेला तेथे लाखो माणसे जातात. त्या जत्रेत आंगणे घरांतील बायका प्रसादाचे जेवण अबोलपणे शिजवितात. जेवण होईपर्यंत बोलत नाहीत. मी ही चाल लहानपणापासून ऐकत आलो होतो. आपल्या कोठ्यालाही हीच रीत लागू करावी, हे मात्र मला चूक झाल्यावर सुचले.

नियम बदलले. नाव पुकारायचे नाही. फोटो काढायचा नाही. टेबल काढून टाकले. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी दार उघडे ठेवायचे. आणायला येणारा आणि न्यायला येणारा, दोघेही त्याच दाराने येतील. दोघांच्याही हातात पिशवी असते. कोण कशासाठी आला, ते बाहेरच्याला कळत नाही. वहीत नावाऐवजी घराचा एक आकडा लिहायचा. त्या आकड्यांची यादी फक्त काकींच्या पेटीत.

गणपती झाल्यावर ती खलाशाची बायको आली. हातात सुकटीची पुडी होती. म्हणाली, "ही कोठ्यात घाला." सुकटीचा वास तांदळाला लागतो, म्हणून आम्ही सुकट ठेवीत नाही. पण काकींनी पुडी घेतली. मीही काही बोललो नाही. हल्ली वजनकाट्यावर ती बसते. कोणाला किती हवे, हे ती डोळ्यांनी ओळखते. विचारीत नाही.

५. आपल्या आधी कोणी केले?

हे काम नवे नाही. महाराष्ट्रात मोठमोठ्या माणसांनी ते केले आहे.

जोतीराव आणि सावित्रीबाई. १८७६ साली दख्खनेत पाऊस पडला नाही. मोठा दुष्काळ पडला. माणसे आणि जनावरे मेली. त्याच्या तीन वर्षे आधी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता. समाजाच्या कार्यकर्त्यांनी मदत गोळा केली. १८७७ साली पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळातील मुलांच्या जेवणाची सोय केली. सावित्रीबाई जुन्नरकडच्या ओतूर गावी गेल्या होत्या. तेथील हाल त्यांनी पत्रातून जोतीरावांना कळविले. पत्र लिहिणारी बाई त्या काळी विरळा. सावित्रीबाईंना लिहिता येत होते, म्हणून ओतूरची भूक पुण्याला कळली. पुढे १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांना प्लेग झाला आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

भाऊराव आणि लक्ष्मीबाई. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्यास त्यांनी गरीब मुलांचे वसतिगृह चालविले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत आणि एका पंक्तीत जेवत. एवढ्या मुलांना रोज जेवू घालायचे कसे? भाऊरावांनी मुष्टिफंड सुरू केला. मुष्टी म्हणजे मूठ. घरातील बाईने दळताना किंवा शिजविताना एक मूठ धान्य बाजूला टाकावे. ते धान्य मुलांसाठी जमवावे. मूठ काढल्याने कोणाचे घर उपाशी राहिले नाही. त्या मुठींवर मुले शिकली. धान्य कमी पडले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेच्या मोठ्या इमारती त्यांनी पाहिल्या नाहीत.

गाडगे महाराज. यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला. शाळा त्यांना मिळाली नाही. हाती गाडगे आणि खराटा घेऊन ते गावोगाव फिरले. आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन करायचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. आंधळ्यापांगळ्यांना जेवू घातले. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले, पण स्वतः मडक्यात भाकरी मागून खात राहिले. १९५६ साली ते गेले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्यांना शाळा मिळाली नाही, त्यांचे नाव विद्यापीठाला! तुम्ही मोठेपणी अक्षरे शिकता आहात. हे तुमच्या ध्यानात असू द्या.

अगदी अलीकडची गोष्ट. मुंबईचे डबेवाले शंभराहून जास्त वर्षे लोकांना जेवण पोहोचवीत आले आहेत. २०१५ साली त्यांनी 'रोटी बँक' सुरू केली. लग्नात, समारंभात उरलेले चांगले अन्न वेळेवर उचलायचे आणि भुकेल्याला द्यायचे. दिवसभर सायकल मारून थकलेली ही माणसे. तरी संध्याकाळी आणखी एक फेरी करीत. २६ जानेवारी २०२० रोजी राज्य सरकारने शिवभोजन थाळी सुरू केली. तेव्हा दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळे.

६. दूरच्या देशातील एक गोष्ट

अमेरिका हा श्रीमंत देश आहे. तेथेही माणसे उपाशी असतात. त्या देशात ॲरिझोना नावाचे राज्य आहे. तेथील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेन्गेल नावाचा एक गृहस्थ होता. त्याचा संसार मोडला होता. पाठीच्या कण्याला इजा झाली होती. प्रकृती सुधारावी म्हणून तो त्या शहरात आला. करायला काही नव्हते. म्हणून तो गरिबांच्या भोजनगृहात फुकट काम करू लागला.

तेथे त्याला एक बाई भेटली. तिला दहा मुले होती. नवरा तुरुंगात होता. दुकानदार जे चांगले अन्न टाकून देत, ते ती दुकानामागच्या पेटीतून काढून मुलांना देई. तिने बोलता बोलता सुचविले, की पैशाची बँक असते तशी अन्नाची बँक असावी. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने ठेवावे. ज्याला हवे त्याने काढावे.

व्हॅन हेन्गेलने ही गोष्ट मनावर घेतली. एका चर्चने बेकरीची जुनी, पडीक इमारत दिली. १९६७ साली अन्नाची पहिली बँक सुरू झाली. पुढे हा प्रकार अनेक देशांत गेला. कल्पना कोणाची? त्या गरीब बाईची. तिला कोणी विचारले नसते आणि ऐकले नसते, तर बँक निघाली नसती. आमच्या कोठ्याचे निम्मे शहाणपणही असेच, घ्यायला आलेल्या माणसांकडून आले आहे.

७. कोठा कसा चालवावा?

आता हिशोब पाहू. एक मूठ तांदूळ म्हणजे सुमारे ५० ग्रॅम धरा. वाडीत ६० घरे आहेत. प्रत्येक घरी रोज एक मूठ बाजूला टाकली, तर रोज ३,००० ग्रॅम, म्हणजे ३ किलो होतात. तीस दिवसांत ९० किलो होतात. सहा अडलेल्या घरांना प्रत्येकी १५ किलो देता येतात. एका घराचा महिन्याचा भार किती? फक्त दीड किलो.

कोठा चालविण्याच्या काही गोष्टी अनुभवाने सांगतो.

पहिली गोष्ट, ओल. कोकणात पावसाचे चार महिने हवा दमट असते. धान्य पावसाआधी कडक उन्हात वाळवावे. पत्र्याच्या पिंपात घट्ट झाकणाखाली ठेवावे. पिंप जमिनीवर टेकवू नये. खाली चिरे किंवा लाकडी फळी घालावी. कडुलिंबाचा सुका पाला घातला, तर कीड कमी लागते.

दुसरी गोष्ट, क्रम. आधी आलेले धान्य आधी द्यावे. नवीन धान्य जुन्यावर ओतू नये, नाही तर तळचे धान्य तसेच राहते आणि त्याला टोके लागतात.

तिसरी गोष्ट, तारीख. डाळीच्या, तेलाच्या पिशवीवर बारीक अक्षरांत तारीख छापलेली असते. ती वाचावी. मुदत टळलेली वस्तू देऊ नये. आपण स्वतःच्या ताटात घेणार नाही, ते दुसऱ्याच्या पिशवीत घालू नये.

चौथी गोष्ट, शिजलेले अन्न. लग्नाचे किंवा समाराधनेचे अन्न उरले, तर ते त्याच वेळी वाटून खावे. भात, मासळी, खोबऱ्याचे कालवण आपल्या हवेत लवकर आंबते. रात्रीचे सकाळी वाटू नये. कोठ्यात शिजलेले अन्न ठेवू नये.

पाचवी गोष्ट, वही. आलेला माल आणि गेलेला माल रोज लिहावा. महिन्याच्या शेवटी शिल्लक मोजावी. वही आणि पिंप जुळले पाहिजे. हिशोब चोख असला, की लोकांचा विश्वास राहतो. विश्वास गेला, तर मूठ बंद होते.

सहावी गोष्ट, कागद. कोणी वारंवार येत असेल, तर त्याचे रेशनकार्ड पाहावे. नाव गळले असेल, तर अर्ज लिहून द्यावा. तहसील कचेरीत सोबत जावे. कोठा अडलेल्या महिन्यासाठी आहे. कायमचा हक्क सरकारी धान्याचा आहे आणि तो मिळवून देणे, हेही आपलेच काम आहे.

८. देणाऱ्याला काय मिळते?

पैसा मिळत नाही. हार-तुरे मिळत नाहीत. कधी बोल मात्र लागतात. "अमक्याला जास्त दिलेत," असे कोणी म्हणतो. "फुकट देऊन लोकांना आळशी करता," असे दुसरा म्हणतो. पहिल्याला वही दाखवावी. दुसऱ्याला एक दिवस कोठ्यावर बसवावे. आमच्याकडे असाच एक टीकाकार बसला. संध्याकाळी उठताना "पुढच्या आठवड्यात किती वाजता येऊ?" असे विचारून गेला.

मिळते ते वेगळेच. माझे म्हणाल, तर मला माझी घंटा परत मिळाली. आठवड्यातून एका संध्याकाळी कोणी तरी माझी वाट पाहते. मी गेलो नाही, तर किल्ली कोणाकडे, असा प्रश्न पडतो. म्हातारपणी आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, हे कळणे औषधासारखे आहे.

काकींचे मी पाहिले आहे. नवरा गेल्यावर त्या दोन वर्षे घराबाहेर पडल्या नव्हत्या. मुलगे मुंबईस. अक्षरे शिकल्या, पण लिहायचे काय आणि कोणाला? आता वही त्यांच्या हाती आहे. पहिल्या पानावरची अक्षरे वाकडी आहेत. तांदूळ हा शब्द त्यांनी तीन तऱ्हांनी लिहिला आहे. पुढची पाने पाहिली, तर अक्षर सुधारत गेलेले दिसते. मी त्यांची वही तपासायला गेलो, तेव्हा त्यांनी माझीच चूक काढली. मी बेरजेत दोन किलो विसरलो होतो!

म्हणून तुम्हाला सांगतो. "आम्ही काय देणार? आम्हीच गरीब," असे म्हणू नका. धान्य नसेल, तर तासभर द्या. तासभर नसेल, तर पिशवी पोहोचवा. वाचता येऊ लागले आहे, तर पिशवीवरची तारीख वाचा, अर्ज वाचून दाखवा, वही लिहा. शिकलेली अक्षरे वापरात राहिली, तरच टिकतात. नाही तर कोयतीसारखी गंजतात.

एक जपा. देताना स्वतःला मोठे समजू नका. समुद्राची भरती आज आपल्या बाजूला आहे, उद्या ओहोटी लागेल. आज पिंपात मूठ टाकणारा हात उद्या पिंपातून मूठ काढील. तेव्हा त्याला लाज वाटू नये, अशी आजच आपली वागणूक हवी.

आता रापणीच्या त्या म्हाताऱ्याकडे या. त्याच्या हाताने जाळे किती पुढे आले, हे कोणी मोजीत नाही. तो रांगेत उभा आहे, एवढे पुरे. येत्या पावसाआधी तुमच्या वाडीत एक पिंप उभे राहावे आणि त्याच्या दोराला तुमचाही हात लागावा, एवढीच माझी विनंती आहे.

कठीण शब्द

मुष्टी — मूठ
विरळा — क्वचित आढळणारा
निवृत्त — नोकरीची मुदत संपलेला
कोठा — धान्य साठविण्याची जागा
वीण — पिल्ले किंवा अंडी होण्याचा हंगाम
चोख — बिनचूक, स्वच्छ

प्रश्न

१. पावसाळ्यात किनाऱ्यावरील घरांना तंगी का येते? तीन कारणे सांगा.
२. गुरुजींची चूक कोणती? ती त्यांना कोणी दाखवून दिली?
३. सुकट ठेवण्याचा नियम नसताना काकींनी पुडी का घेतली असेल? आपसांत चर्चा करा.
४. मुष्टिफंड म्हणजे काय?
५. अन्नाची बँक असावी, हे प्रथम कोणाला सुचले?

उदाहरण

तुमच्या वाडीत ४० घरे आहेत. प्रत्येक घराने रोज ५० ग्रॅम तांदूळ बाजूला टाकला, तर तीस दिवसांत किती किलो होतील? ते चार घरांना सारखे वाटले, तर प्रत्येक घराला किती येतील?

करून पाहा

घरी डाळीची किंवा तेलाची पिशवी शोधा. तिच्यावरची तारीख वाचा आणि वहीत लिहा. मग आपल्या रेशनकार्डावर घरातील सर्वांची नावे आहेत का, ते स्वतः वाचून पाहा. नाव गळले असेल, तर पुढच्या वर्गाला कार्ड घेऊन या. अर्ज आपण मिळून लिहू.